काकूंचं कडवं

“काकू, राग मानू नका, पण तुमचा तुकडा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतोय,” ऋजुता म्हणाली. कॉलवरची बाकीची पोरं खुदखुदली.

आम्ही सगळे एकाच जपानी ॲनिमे मालिकेचे वेडे. त्यातली दृश्यं कापून एका गाण्यावर बसवत होतो. प्रत्येकाला एकेक कडवं. तुकडा सगळ्यांना पटला तरच जोडायचा, नाहीतर कडवं दुसऱ्याला. आणि मी मिरजेत लग्नाचेच व्हिडिओ एडिट करते, त्यामुळे माझ्या तुकड्यातल्या दोन बहिणींच्या ताटातुटीवर गुलाबाच्या पाकळ्या आपोआप पडल्या होत्या.

कडवं मला सोडायचं नव्हतं. पाकळ्या काढल्या, बदाम काढले, सगळं ठेक्यावर कापलं आणि पुन्हा दाखवलं.

“आता मस्त झालंय,” ऋजुता म्हणाली. “पण धाकटीचा चेहरा मघाशी बराच वेळ दिसत होता, तो का उडवलात?”

“तीही लग्नाचीच सवय गं. पाठवणीला सगळे नवरीकडे बघतात. मी मागे राहिलेल्या बहिणीचा चेहरा ठेवते.”



“आमच्या ताईची गाडी वळेपर्यंत मी हसत होते,” ऋजुता हळूच म्हणाली. “त्यानंतरची मी कुठल्याच फोटोत नाहीये. काकू, तो चेहरा परत घाला ना.”

“ठेक्यात बसणार नाही तो.”

“नसू दे.”

मी चेहरा परत घातला आणि धाकटीनं डोळे मिटेपर्यंत कापला नाही. या वेळी कुणी हसलं नाही. कडवं माझ्याकडेच राहिलं.