खिडकीतला आंबा

घर दाखवणाऱ्या एजंटानं दिलेला चहाचा कप मृदुलानं ओट्यावर ठेवला, तोही खाली ओला रुमाल घालून. शिडाच्या बोटीत सात वर्षं संसार केल्यावर कप घसरणारच, हे हातांना पाठ झालं होतं.

घराचा हट्ट तिचाच होता. मोजून पाणी, दमट गाद्या, नांगर सुटायची धास्ती. पुरे झालं, म्हणाली. नवऱ्यानं मुकाट्यानं बोटीला गिऱ्हाईक शोधलं.

तरी इथं तिचा पाय एका खोलीत ठरत नव्हता.

"मॅडम, या खिडकीतून कायम हा आंबा दिसणार," एजंट म्हणाला.

"वारा फिरला तरी?" तिनं विचारलं.

एजंटानं खिडकी किती घट्ट बसते ते लावून दाखवलं. नवऱ्याला मात्र कळलं. वारा फिरला की नांगरलेली बोटही फिरायची आणि त्यांच्या खिडकीत किनाऱ्यावरच्या देवळाच्या जागी समुद्र यायचा.

"बोटीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवू?" सकाळपासूनचं नवऱ्याचं ते पहिलं वाक्य होतं.