तिसरं कार्ड

“आला का गं नंबर?” दादाने विचारलं.

नंबर आला होता. बेबीच्या फोनवर सहा आकडे दिसत होते आणि खाली बजावलेलं होतं, की तीन मिनिटांत टाका, नाहीतर पुन्हा मागवा. टेबलापलीकडे दादा आपला फोन हातात धरून ताटकळला होता. बहिणीच्या नावाने त्याने क्रेडिट कार्डाचे अर्ज भरले होते, तेही एकदम तीन बँकांचे; नंबर टाकला, की पहिला अर्ज जाणार होता. फुकट मिळतंय, घेऊन ठेव, अडीअडचणीला हाताशी असलेलं बरं, हे त्याचं सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. शेजारी वहिनी एकाच चादरीची घडी तिसऱ्यांदा घालत होती.

बेबी पन्नाशीला आलेली, पण धाकटी म्हणून घरात बेबीच राहिली. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती वीस वर्षं करत होती. लग्न जमलं नाही, आणि पुढे कोणी जमवायलाही गेलं नाही. आईवडिलांच्या मागे दादानेच तिला सांभाळलं.

रेंज नाहीये, असं काहीतरी ती पुटपुटली आणि तिची तंद्री लागली. ही तिची जुनीच खोड. बाई भिंगातून पलीकडे गेल्या, असं दुकानात तिला चिडवायचे. आत्ताही ती गेली, ती थेट तिने घ्यायची ठरवलेल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत.

खोली एकच. स्वयंपाकाचा ओटा हातभर, पण खिडकी भिंतभर. गेली दोन वर्षं बेबी मनाने तिथेच राहत होती. कधी पलंग खिडकीशी ओढायची, कधी दाराशी. दुपारचं ऊन या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचं आणि ती नुसती बघत बसायची. कुठे निघालीस, कधी येशील, विचारणारं कोणी नाही. एकदा तर खिडकी उघडी राहिली म्हणून तिला मनातल्या मनात सर्दीसुद्धा झाली होती.

पण मनातल्या खिडकीवर बँक कर्ज देते थोडीच! तुम्ही कधी कोणाचं देणंच लागला नाहीत, मग तुम्ही फेडता की बुडवता हे आम्हाला कळायचं कसं, असं काउंटरवरची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली. बेबीने कपाळाला हात लावला. जन्मभर उधारी केली नाही, हाच गुन्हा! मग त्या बाईनेच वाट दाखवली. मुदत ठेवीवर एक कार्ड घ्या, बेताने वापरा, तारखेच्या आत भरा आणि दुसऱ्याची घाई करू नका. एकामागून एक अर्ज केलेत, की बँकांना वाटतं, बाईचा खिसा फाटलाय.

बेबीने ते व्रतासारखं पाळलं. पहिल्या कार्डावर फक्त बसचा पास. नऊ महिन्यांनी दुसरं, तेही अकरा कार्डं पारखून, वर्षाची फी नसलेलं. एका कार्डावर विमानतळाच्या खास दालनात फुकट बसायला मिळत होतं. ते तिने हसून बाजूला ठेवलं. बसायचंच होतं तर स्वतःच्या खिडकीत. मग वर्षभर एकही अर्ज नाही. दोन्ही कार्डं चष्म्याच्या जुन्या डबीत, आणि घरात कोणाला पत्ता नाही.

आता कर्ज मंजूर व्हायच्या बेतात होतं. शुक्रवारी सह्या. तोवर तुमच्या नावावर एकही नवा अर्ज पडू देऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून, असं त्या बाईने दोनदा बजावलं होतं. आणि इथे दादा तीन घेऊन बसला होता.

नंबर सांगितला तर खोली गेली. नाही सांगितला, तर का ते सांगायला हवं. टायफॉइडमध्ये दादा अकरा दिवस तिच्या उशाशी बसला होता. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी तुझ्या घरातून चालले? हे एक वाक्य दुकानातल्या आरशासमोर तिने शंभरदा म्हणून पाहिलं होतं. दरवेळी आरशात तिला दादाचेच भरलेले डोळे दिसायचे.

वेळ संपली. पुन्हा मागवतो, असं म्हणत दादाने बोट उचललं.

“नको दादा. मी घर घेतेय.”

मग एका दमात तिने सगळं सांगून टाकलं. दोन कार्डं, खोली, शुक्रवार. रागावू नकोस, असंही मध्येच दोनदा म्हणून झालं.

वहिनीचे हात थांबले. दादाने फोन खाली ठेवला आणि जड पिशवी उतरवल्यावर सोडावा तसा श्वास सोडला. मग हळूहळू त्याच्या तोंडून बाहेर आलं. तिला कुठे लहानशी जागा घेता येईल का, म्हणून तो महिनाभर एका एजंटाकडे खेटे घालत होता. बाईंच्या नावावर आधी दोन-तीन कार्डं दिसू द्या, असं तो एजंट म्हणाला होता.

“माझ्या पोरी मोठ्या झाल्या गं, घर पुरेना. तुला सांगायचं कसं, तेच सुचत नव्हतं.”

बेबी हसली. हसायलाच हवं होतं, खोली वाचली होती. त्याच्या रागाला तिच्याकडे उत्तर होतं, रडण्याला होतं, नको जाऊस म्हणाला असता तर त्यालाही होतं. निदान म्हणायचं म्हणून तरी तो ‘नको जाऊस’ म्हणेल, असं तिला वाटलं.

“बेबी,” दादाने तिच्या हातावर हात ठेवला, “शुक्रवारी सह्या झाल्या, की किल्ली कधी मिळते गं?”

इतक्या मायेने त्याने तिला कित्येक वर्षांत काही विचारलं नव्हतं.