वीस प्रती

अप्पचनना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात होऊन अकरा दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, फार तर उद्यापर्यंत. चर्चच्या भिंतीवर लावायचं शोकपत्रक मी दुपारीच तयार केलं; तारीख तेवढी नंतर पेनाने घालायची होती.

"पन्नास काढू?" मी बायकोला विचारलं.

"त्यांच्यासाठी येतंय कोण, इच्चाया?" लिसम्मा म्हणाली. आमच्याकडे बायका नवऱ्याला इच्चाया म्हणतात. "वीस पुरेत."

प्रिंटर अप्पचनच्या खोलीत, त्यांच्या जुन्या लिनक्स कॉम्प्युटरला जोडलेला होता. घरभराची ती जोडणी त्यांनीच केली होती. शाळेत ते हेच शिकवायचे. मी लॅपटॉपवरून पत्रक पाठवलं, पण काहीच छापेना. छपाईची यादी उघडली, तर माझ्या पुढे एक काम अडून बसलं होतं. ते अप्पचनच्या नावाचं होतं, नुकतंच पाठवलेलं.

मी ते रद्द केलं. मिनिटभरात ते पुन्हा आलं.

"मरतानाही आडवा येतोय म्हातारा," लिसम्मा हसली.

मी चिडून प्रिंटर वापरायच्या परवानगीच्या यादीतून त्यांचं नावच उडवलं. नाव गेलं, काम तिथेच राहिलं. आणि आतून प्रिंटरची घरघर सुरू झाली.

आम्ही आत गेलो. अप्पचन छताकडे बघत पडले होते. मी पहिला कागद उचलला. मजकूर शब्द न शब्द मी लिहिलेलाच होता. फोटो मात्र माझा होता, अंगात आत्ताचा निळा शर्ट. खाली माझं नाव छापलं होतं, कुरियन. तारीख आजची.

कागद पडतच होते. अकरा दिवस न हललेले ओठ हलले.

"वीस पुरेत," अप्पचन म्हणाले.