पोर्ट वापरात आहे

सारंगखेड्यातल्या घरी ललित केळीच्या बागेतल्या कॅमेऱ्याचा प्रोग्राम कॉम्प्युटरवर सुरू करत होता. तो सुरू होईना. त्याला लागणारं नेटवर्कचं पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामने अडवून ठेवलं होतं. त्या प्रोग्रामला नाव नव्हतं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, “ललित, च्या ठेयेल शे, थंडा व्हई...”

ललितने तो बिननावाचा प्रोग्राम बंद केला. आईचा आवाज तुटला.

प्रोग्राम आपोआप पुन्हा सुरू झाला.

“...जाई. पी ले.”

त्याने पुन्हा बंद केला. आत वाजणारी भांडी गप्प झाली. प्रोग्राम परतला, तशी वाजू लागली.

ललितने माऊसवरचा हात काढून घेतला. “माय, भाहेर ये ना.”

“ऊनू, बेटा.”

पावलं उंबऱ्यापर्यंत आली आणि लाईट गेली. कॉम्प्युटर बंद पडला.

ललितने दाराकडे पाहिलं नाही.