स्लूचा तिसरा साक्षीदार

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, नेल्स सॉल्बर्गच्या स्वयंपाकघरात, कॉरीन हिल्डेब्रँडच्या तोंडून तो शब्द निसटला. टेप चालू होती.

नियम एकच होता आणि तो तिने दोन वर्षं पाळला होता. शब्दकोशासाठी गावोगाव उच्चार गोळा करणाऱ्याने शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वर्णन करायचं आणि वाट पाहायची. शेताच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं, त्याला काय म्हणता, असं तिने म्हाताऱ्या नेल्सला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा त्याची गाडी बदकांच्या शिकारीवर घसरली. मग खिडकीबाहेर थवा उतरला आणि ती सहज म्हणून गेली, की तुमचा स्लू यंदा काठोकाठ भरलाय.

"हो, स्लू भरलाय खरा," नेल्स म्हणाला.

कॉरीनने टेप बंद केली. साक्ष बाद.

स्पेलिंग एक, slough; उच्चार तीन. सापाने टाकलेली कात तो स्लफ. त्याचं घराणंच वेगळं. चिखलाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलेला दुसरा शब्द इंग्लंडात स्लाउ, इथे कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या शेतांत स्लू. स्लू छापायला संपादकांना तीन शेतकऱ्यांची साक्ष हवी होती. दोन मिळाल्या होत्या. उद्या संध्याकाळपर्यंत तिसरी पोचली नाही, तर कोशात एकटा स्लाउ राहणार आणि इथल्या पोरांचा उच्चार शाळेत चूक ठरत राहणार. कॉरीनने तिसऱ्या इयत्तेत त्यापायी छडी खाल्ली होती.

नेल्सला ऐकून वाईट वाटलं. ते पुसून टाक आणि नव्याने विचार, म्हणाला; मी काही ऐकलंच नाही. ती नको म्हणाली.

"पोरी, तू शिकवलंस म्हणून म्हणतोय का मी? एक्याऐंशी वर्षं झाली."

"मला ठाऊक आहे, मिस्टर सॉल्बर्ग. टेपला ठाऊक नाही."

ती वायरी गुंडाळत असताना नेल्सने भिंतीवरचा फोन उचलला आणि शेजारच्या वासिल कोलिस्निकला लावला. एकाच तारेवर नऊ घरं होती. एकाची घंटा वाजली की नऊही जण फोन कानाला लावत.

"वासिल, एक मुलगी पाठवतोय तुझ्याकडे. तिने विचारलं की सरळ स्लू म्हण. लाजू नकोस."

कॉरीन धावली, पण उशीर झाला होता. त्यात लाजायचं काय, असं तारेवर एका बाईने विचारलं. दुसरीला कोणाचा स्लू ते हवं होतं. मुलगी लग्नाची आहे का, अशी वासिलची चौकशी. नऊच्या नऊ घरं बाद झाली.

काय करून बसलो ते नेल्सला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याने तिला कॉफी ओतली. फोन नसलेलं कोणी आहे का, असं तिने विचारलं.

"अँटन मार्चुक. सहा मैल उत्तरेला. पण तो कोणाशी बोलत नाही."

"अजिबात?"

"चर्चमध्ये गातो."

अकरा चाळीसला कॉरीनने मार्चुकच्या ओट्यावर टेपयंत्र ठेवलं, बटण दाबलं आणि बंद दाराला मोठ्याने विचारलं, की शेताच्या खोलगट भागात साचून राहिलेल्या पाण्याला तुम्ही काय म्हणता. आतून पावलं जवळ आली आणि दारापाशी थांबली. दार अजून उघडलं नव्हतं.