शेवटी येणारी जोडी

कॉम्प्युटरवर पायथनच्या प्रोग्रामनं फाइल वाचली आणि 'हरले, हरले, हरले' अशा एकवीस ओळी प्रफुलच्या तोंडावर आदळल्या.

नालवाडीतल्या त्याच्या दुकानात लोक ऑनलाइन फॉर्म भरायला यायचे आणि शंकरपट खेळून जायचे. बैलांच्या शर्यतीचा हा गेम प्रफुलनंच बनवला होता. प्रत्येक जोडीची एक फाइल. तिच्यात नावं, वेग आणि कोणत्या शर्यतीत काय काय झालं ते. रोज खेळायला येणाऱ्या वासुदेवरावांच्या जोडीच्या फाइलमध्ये वेग नऊ होता. पहिल्या शर्यतीच्या आधीच प्रफुलच्या अंगात आलं. त्यानं गुपचूप नऊचे चार केले. कोणाची खोड काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही.

वासुदेवराव पवनारहून बसनं यायचे. दिवाळीत पोरानं ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्यांनी आपली थकलेली जोडी स्वतः बाजारात नेऊन विकली होती. तेव्हापासून दुपार सरत नव्हती. गेममधल्या बैलांना त्यांनी तीच नावं दिली, चांद्या आणि तांब्या. चांद्या-तांब्या रोज शेवटी यायचे. दुकान पोट धरून हसायचं. सगळ्यात मोठ्यानं प्रफुल.

काल मात्र शेजारी खेळत बसलेला अंकुश म्हणाला, "काका, बैल हायेत का कासव? बदलवून टाका ना आता!"

 वासुदेवराव चहा अर्धा टाकून उठले आणि बसस्टॉपकडे चालू लागले. त्यांची पाठ बघून प्रफुलचं हसू थांबलं. घरी गेल्यावर भाकरीसुद्धा उतरली नाही.

म्हणून आज शटर वर करताच तो फाइल उघडून बसला होता. एकेक शर्यत तो वाचत गेला. वेग चार, चाबूक शून्य. वेग चार, चाबूक शून्य. शर्यत संपली की चारा, पाणी. एकवीसच्या एकवीस वेळा तेच. बाकीचे गडी तर चाबकाचं बटण दाबून दाबून कीबोर्ड फोडायचे.

"काकाले बटनच सापडलं नाई वाटते," प्रफुल पुटपुटला. त्याला आणखीच लाज वाटली. त्यानं चार खोडून नऊ केले आणि फाइल सेव्ह केली.

दुपारी वासुदेवराव आले. चष्मा पुसून बसले. चांद्या-तांब्या सुटले ते सुटलेच. पहिला नंबर! दुकानात शिट्ट्या झाल्या. प्रफुलनं आधीच आणून ठेवलेला पेढ्यांचा डबा उघडला.

"जितले ना बाप्पा, काका! घ्या, तोंड गोड करा."

वासुदेवरावांनी पेढ्याला हात लावला नाही. ते स्क्रीनजवळ वाकले. पहिल्या आलेल्या जोडीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे माहे नाई, प्रफुल. माहे थकले होते. म्या त्यायले कवाच हाणलं नाई इथं, नुसता संगं चालत होतो." मग आवाज एकदम बारीक झाला.

"आता त्यायलेबी बाजारात नेलं का तू?"