मंगळवारची पट्टी

"साहेब, नर्स तुम्ही माणसाला दिलीच नाहीत, जखमेला दिलीत!"

टाकवे सोडल्यापासून इफ्फत हेच एक वाक्य स्कूटीवर मोठ्याने म्हणत होती. साहेबांच्या तोंडावर म्हणायची छाती नव्हती, म्हणून आंदर मावळातल्या वाळलेल्या खाचरांना ऐकवत होती. आज साहेब स्वतः येणार होते. झुंबरबाईचा पाय बघायला.

नियम साहेबांच्या ऑफिसचाच. साखरेचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाला जखम असेल, तोवरच नर्सने घरी जायचं. जखम भरली की फेरी बंद. मग पेशंटने आपल्या पायांनी टाकव्याच्या दवाखान्यात यायचं. कशाने यायचं? एसटी आली तर आली. आणि रस्त्यापर्यंतचा चढउतार करायला गुडघे कुठून आणायचे? ते नियमात नाही. नियम करणाऱ्याच्या घराला लिफ्ट असते.

झुंबरबाईची जखम दिवाळीआधीच भरली होती. टाचेवर गुळगुळीत, गुलाबी कातडी. तेव्हापासून इफ्फत दर मंगळवारी त्या चांगल्या टाचेला पट्टी बांधत होती आणि ऑफिसात 'अजून ओली आहे' म्हणून सांगत होती.

खोटं होतं. पण इफ्फतने एकदा या बाईला चुलीपाशी पडलेलं बघितलं होतं. साखर एकदम उतरलेली, तोंडाला फेस. मुलगा चाकणला कंपनीत, शेजारच्या घराला कुलूप. मंगळवार होता म्हणून सापडली. बुधवार असता तर?

झुंबरबाई ओट्यावर वाकळ टाकून बसली होती. धुतलेलं लुगडं, पट्टीचा पाय उशीवर.

"आलीस व्हय? मला वाटलं, सायबाच्या गाडीतनं थाटात येशील."

"ते मागून येतायत. मावशी, आज पट्टी सोडायला लावणार."

"लावू दे."

"लावू दे काय! तुमची फेरी जाईल आणि माझी नोकरी."

"च्या पी आधी."

बाई उठली. टाच उचलून, चवड्यावर जोर देत, भिंतीला धरून आत गेली. एवढ्या काळजीतही इफ्फतला हसू आलं.

"साहेब आल्यावर लंगडा की. आत्तापासून कशाला?"

"सराव नको व्हय?" आतून आवाज आला.

चहा आला. तिच्यासाठी गोड, बाईचा बिनसाखरेचा. इफ्फतने बोटाला सुई टोचून साखर बघितली. लय वाढली होती. बाईची बोटं अजून दुखत, पाय मात्र केव्हाच मेले होते. टाचेत काटा मोडला तरी तिला पत्ता लागत नसे. पहिली जखम तशीच झाली होती. 'पुन्हा इथं काही झालं तर पाय काढावा लागेल,' असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं.

ओट्यावरून मुंग्यांची रांग वाकळेकडे चालली होती.

"गूळ खाल्लात ना? खरं सांगा."

"सांडला आसंल कुटं तरी."

"आणि ही गाठ माझी नाही. पट्टी सोडली होती?"

"भिजली. म्या बांधली परत." झुंबरबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "ते सोड. डोक्याला तेल लाव. मंगळवारी तोंड उघडते बघ मी, ते परत मंगळवारीच. एक कोंबडी व्हती बोलायला, ती बिबट्यानं नेली. तिला तरी माजं पटायचं."

इफ्फत तेल लावत राहिली. विरळ, पांढरे केस. बाईने डोळे मिटले.

"मावशी, मी त्यांना खरंच सांगते. पाया पडते. म्हणते, जखम नाही, पण बाई एकटी आहे."

"एकटी हाय म्हनून कुनी गाडी धाडतं व्हय?" डोळे मिटूनच झुंबरबाई म्हणाली. "येडी का खुळी तू?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

साहेब धापा टाकत चढून आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"काय आजी, कशा आहात?"

"तुमी ठेवलंय तशी."

ते हसले. मग इफ्फतकडे वळले. "सिस्टर, इतके महिने जखम भरत नाही म्हणजे एकतर तुमचं ड्रेसिंग चुकतंय, नाहीतर..." त्यांनी पायाकडे बोट केलं. "सोडा पट्टी."

"सर, त्याआधी मला एक सांगायचंय."

"आधी सोडा."

"सर, चूक माझी आहे. या बाईंची..."

"सोड गं पोरी," झुंबरबाई मध्येच म्हणाली. "सायबाला घाई आसंल." आणि तिने पाय आपण होऊन पुढे केला.

इफ्फतने गाठ सोडली. एक वेढा, दुसरा वेढा. आता गुलाबी कातडी दिसणार, साहेब बघणार, आणि संपलं. तिने शेवटचा कापूस धरून ओढला.

तो निघेना. चिकटला होता.

बोटाला ओल लागली, ते तिने उजेडात धरलं. रक्त होतं. मग कापूस हळूच सोडवला. टाचेवर आडवा काप होता. सरळ, खोल, विळ्याची धार फिरवावी तसा. आणि ताजा.

साहेब वाकले, नाकाला रुमाल लावून मागे सरले. "हं. ओली आहे," म्हणाले आणि गाडीकडे निघाले.

इफ्फतने कापूस परत टाचेवर दाबून धरला. झुंबरबाईने पायाकडे बघितलं नाही, तिच्याकडेही नाही.

"ओ सायेब, पाठ फिरवू नगा. तोंडानं सांगून जा. म्होरल्या मंगळवारी ही येनार का न्हाई?"